गोडनिंबावरचा कोष

गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, काडी तोडायची झाली की मी आधी ती उलटी करून पाहते. मग देठापासून टोकापर्यंत बोट फिरवते. प्रत्येक पान हे पानच आहे अशी खात्री पटली की मगच तोडते. सुनेला हे वेड वाटतं. "आई, फोडणी जळून राह्यली ना!" ती आतून ओरडते. जळू दे म्हणावं. मी तिथं उभी असते तेव्हा मागून कोणीतरी विचारतं, "निघालं काय वं?" मी वळून पाहत नाही. मागं कोणी नसतं, हे मला माहीत आहे. पण आवाज येतो, आणि तो रोज येतो.

विचारणारी माझी मोठी जाऊ. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

आमची शेती इंझोरीच्या शिवारात, घर गावात. माझं लग्न झालं तेव्हा जाऊ विधवा होती, मूलबाळ नव्हतं, आणि अंगणातला गोडनिंब तिनं लावलेला होता. मला अळीची पहिल्यापासून किळस. सोयाबीनवर उंटअळी पडली की अख्खं घर पंप पाठीवर घेऊन पळतं, तिथं अंगणातल्या अळीचे लाड कोण करणार? मी रोज सकाळी चिमटा आणि राखेच्या पाण्याचा डबा घेऊन गोडनिंब साफ करायची. जाऊ ओसरीवरून म्हणायची, "काहून मारून राह्यली वं तिले? पाखरू हाये थे."

"पानं खाते थे!"

"खाऊ दे. तुले चार पानं पुरत नाईत काय?"

तिला अक्षर जेमतेम ओळखू यायचं, पण अळी बरोब्बर ओळखायची. गोडनिंबावरची आणि लिंबावरची एकच, म्हणायची. लहानपणी चिमणीच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे चिमणी तिला खात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यातून लाल शिंगं काढते. रुईवरची वेगळी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. एरंडीवरची काटेरी, पण हाताला काही करत नाही. कन्हेरीवरच्या अळीचा कोष चांदीच्या डुलासारखा चमकतो. हे सगळं ती निंदताना, भाकरी थापताना सांगत राहायची, आणि मी हं हं करायची. एकदा मात्र माझं डोकं फिरलं. सगळ्या गोडनिंबाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. "सोताले लेकरू नाई म्हनून अळ्या पोसून राह्यल्या!"

 ती खुरपं उचलून शेतात गेली. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच मला चहा करून दिला, आणि मी तो मुकाट्यानं प्यायले.

तिला पोटाचं दुखणं निघालं ते एका उन्हाळ्यात. वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला नेलं, आणि श्रावण लागायच्या आत घरी आणलं. घरी आणा असं डॉक्टर म्हणाले, की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला होता. तिची खाट मी ओसरीवर टाकली. तिथून गोडनिंब दिसायचा, पण नजर मंद झाल्यामुळं तिला नुसता हिरवा ढीग दिसायचा.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मले झाडापाशी ने."

मी धरून नेलं. अंगात काही उरलं नव्हतं, हाडांचा नुसता भारा. तिनं एक काडी हलकेच वळवली. "पाह्य. कालपरवाच अळी कोषात बसली. करदोडा बांधला पाह्य कसा कमरेले. आठ-दहा दिवसांत निघते. तेवढं पाहून जातो मी."

मी "हो बाई" म्हटलं. पण मी नीट पाहिलं नाही, कारण चुलीवर दूध होतं. पाहिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न तोच. पाणी नाही, औषध नाही. "निघालं काय वं?" आणि मी अंगणात एक चक्कर मारून, लांबूनच झाडाकडं पाहून सांगायची, "नाई अजून."

सहाव्या की सातव्या दिवशी मंगरूळपीरहून तिच्या माहेरची माणसं भेटायला आली. सकाळचीच बस धरून, न सांगता. घरात एकच धांदल. मी पोहे भिजवले, कांदा चिरला, तेल तापायला ठेवलं आणि धावत जाऊन गोडनिंबाची हाताला लागली ती काडी ओरबाडली. तिथंच पानं ओढली आणि मूठभर तेलात टाकली. पानं तडतडली. त्यात एक पान फुटलं.

पान असं फुटत नाही. मी झारा घातला. तेलात ते फुगून तपकिरी झालं होतं, आणि कमरेला तो दोरा तसाच होता.

मी काय करायला हवं होतं? कढई उतरवायची, तेल फेकायचं, ओसरीवर जाऊन तिच्या पायाशी बसायचं. मी त्यातलं काहीच केलं नाही. मी ते झाऱ्यानं काढून चुलीत टाकलं, कांदा घातला आणि पोहे परतले. पाहुण्यांना वाढले. आणि तिनं, जिनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, तिनं हात पुढं केला. दोन घास खाल्ले. "चांगले झाले वं," म्हणाली.

देवा रे! 

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "निघालं काय वं?"

"नाई अजून."

असं चार दिवस. ती बोटांवर दिवस मोजायला लागली. मोजून झालं की कपाळाला आठी पडायची. "आता निघाले पायजे होतं. मेलं तं नशीन?" आवाज असा की जणू घरातलंच कोणी परगावी अडकलंय. मला ते सहन होईना. खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पाचव्या दिवशी मी म्हटलं, "निघालं बाई. आताच. माह्या डोळ्यांदेखत उडालं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले. मग म्हणाली, "टरफल आन. झाडालेच अशीन चिकटलेलं."

टरफल मागं राहतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं! मी अंगणात गेले, गोडनिंब काडी काडी चाळला. काही नाही. घरामागच्या लिंबाकडं पळाले, काटे लागून दोन्ही हात ओरखडले, तेव्हा एका फांदीला एक सापडलं. तपकिरी, हलकं, आतून रिकामं, आणि बाजूला गोल भोक. इथूनच निघालं असणार, मी मनात म्हटलं, आणि देवाला हात जोडले. खरंच जोडले.

तिनं ते तळहातावर घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. फिरवलं. नखानं त्या भोकाची कड चाचपली.  मग माझ्या हातांवरचे ओरखडे पाहिले आणि म्हणाली, "हो वं. सुटलं बिचारं." टरफल तिनं सुपारीच्या डबीत ठेवलं. "तू लय दमली. निज आता."

तिसऱ्या दिवशी ती गेली. टरफल पाहिल्यापासून तिनं एकदाही विचारलं नव्हतं, निघालं काय म्हणून.

पुढच्या पावसात गोडनिंबावर अळ्या आल्या. मी सवयीनं चिमटा घेऊन गेले, आणि हात वर होईना. मग मी पाहायला लागले. आधी नुसतं पाहणं, मग मोबाइलवर फोटो, मग मुलानं आणून दिलेलं चित्रांचं पुस्तक. रुईवरच्याला त्यात बिबळ्या कडवा म्हणतात. नावं नवीन, पण बाकी सगळं जावेनं सांगितलेलंच निघालं. हं हं करता करता माझ्या कानात किती साठलं होतं, ते तेव्हा कळलं. पन्नाशी उलटलेली बाई झाडापाशी उकिडवी बसून अळीशी बोलते म्हणून गल्ली हसली. हसू दे.

यंदा श्रावणात मी लिंबावरचे दोन कोष काडीसकट आणून भाज्यांच्या जाळीखाली ठेवले. त्यातला एक सकाळी उमलला. कोष डोक्याकडून उकलला, आणि काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं ओलं फुलपाखरू बाहेर येऊन लोंबकळलं. मागं राहिलं ते पातळ, कागदासारखं टरफल, तोंडाशी फाटलेलं. त्याच्या बाजूला कुठंही भोक नव्हतं.

दुसरा कोष तपकिरी होऊन तसाच राहिला. चार दिवसांनी त्याच्या कुशीला आतून कोणीतरी कुरतडलं. गोल भोक पडलं आणि त्यातून गांधीलमाशीसारखी एक बारीक माशी निघाली. तिनं आत राहून फुलपाखरू खाल्लं होतं.

मी घरात जाऊन सुपारीची डबी उघडली.

तपकिरी टरफल. कुशीला गोल भोक. डोकं शाबूत.

जन्मभर अळ्या पाहिलेल्या बाईला हे कळायला किती वेळ लागला असेल? नखानं कड चाचपली तेवढाच. तिला कळलं होतं की हे टरफल तिच्या कोषाचं नाही, यातून फुलपाखरू निघालंच नव्हतं, आणि मी खोटं बोलतेय. बहुतेक तिला पोह्यांचंही कळलं असावं. लेकरावरून बोलले होते तेव्हा जशी गप्प राहिली, तशीच तेव्हाही राहिली, आणि वर मलाच म्हणाली, निज आता.

आता रोज सकाळी झाडापाशी मागून आवाज आला की मी खरं ते मोठ्यानं सांगते. "नाई बाई. निघालं नाई. म्या तोडलं, तेलात टाकलं, अन् तुमाले चारलं." सुनेनं एकदा ऐकलं आणि घाबरून नवऱ्याला बोलावलं.

 मी काडी तोडून आत येते. दुसऱ्या दिवशी जाऊ पुन्हा विचारते.