मुंगीचा पंप आणि फरशांची चाळीस खोकी

...आणि चढाचा माथा जेमतेम दोन गाड्यांच्या अंतरावर उरला असताना इंजिन खोकलं, फुरफुरलं आणि गप्प झालं, इथपर्यंत काल सांगून झालंय. बगी तशीच उलटी घरंगळत खाली आली. ब्रेक नातीने स्वतः बसवले होते म्हणून निभावलं.

ज्यांना काल डुलकी लागली होती त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. ही माझी नात. वय एकतीस, बस डेपोत फिटर. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून आपल्याहून मोठं काहीतरी ओढत घरी आणायची खोड. नवव्या वर्षी तिने माझं गजराचं घड्याळ खोललं, परत जोडलं आणि एक स्क्रू उरला. तो स्क्रू माझ्या डबीत आहे आणि घड्याळ अजून चालतंय, आता बोला.

बगी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दोन खुर्च्या आणि चार दांडगी चाकं. दगडधोंड्यांत हुंदडायची गाडी. तिचं जुनं इंजिन गेल्या वर्षी बसलं, तेव्हा मुंगीने एका ठोकलेल्या मोटारीचं इंजिन आणून मागे चढवलं. जुन्याला पेट्रोल नुसतं ओघळत मिळालं तरी चालायचं. नव्याला ते दाबाने, फवाऱ्यासारखं हवं. म्हणजे पंपही नवा आला. तिने भंगारवाल्याकडचा मुठीएवढा पंप घेतला आणि चिखल लागू नये, हाताशी राहावा म्हणून वर पिंजऱ्याच्या नळीला बांधला. तोच गुरुवारच्या चाचणीत दगा देऊन गेला, असं सगळ्यांचं मत पडलं.

आता खरी मेख ऐका. बगी जिथे उभी असते ती शेड आहे मुंगीची आणि तिच्या दादाची मिळून. दादाचा फरशांचा धंदा, त्याला गोदाम हवं. दोघांचं ठरलं होतं की रविवारी बगी खाणीमागचा चढ चढली तर शेड मुंगीची, नाही तर बगी भंगारात. गुरुवारची गंमत बघून पठ्ठ्याने शुक्रवारी सकाळीच फरशांची चाळीस खोकी शेडमध्ये आणून रचली. मुंगी डेपोतून आली, खोक्यांकडे पाहिलं, चहा प्यायली आणि बगीवरचा पंप सोडवायला बसली.

सल्ल्यांना काय तोटा? गल्लीतला न्हावीसुद्धा म्हणाला, मोठा पंप घे. स्पेअरपार्टवाल्याने तर लालभडक, दंडाएवढा पंप काउंटरवर ठेवला आणि नवरदेव दाखवावा तसा फिरवून दाखवला. मुंगीने विचारलं, माझ्या इंजिनाला तीन बारचा दाब लागतो, तेवढ्या दाबाला हा मिनिटाला किती देतो? त्याने खोक्यावरचा आकडा वाचला. ती म्हणाली, हा उघड्या तोंडाचा आकडा, दाब आला की किती? तो म्हणाला, बाई, एवढं आजवर कुणी विचारलं नाही. तिने पंप दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणला; त्याच्या व्हॅनचा क्लच तीच बघते, त्यामुळे नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

शनिवारी उघड्या अंगणात मांडामांड झाली. आधी माझी काडेपेटी जप्त. मग पेट्रोलचा डबा, बॅटरी, दाब दाखवणारा काटा, लिटरच्या खुणांचं भांडं. घड्याळ घेऊन मी खुर्चीत, तेच एका स्क्रूने हलकं झालेलं. लाल पंपाने मिनिटाला चार लिटर ओतले, पण एवढा तापला की हात लावेना, आणि बॅटरी हां हां म्हणता उतरली. मुठीएवढ्याने दीड लिटर दिलं. मुंगी हिशोब मांडून म्हणाली, हे इंजिन पूर्ण जोरात अर्धा लिटरही पीत नाही. मग दीड लिटर देणारा पंप लहान पडेल कसा?

ती पंपाकडे बघत बसली. मला राहवलं नाही, गावच्या विहिरीची गोष्ट काढली. आमच्या वडिलांनी पाण्याचं इंजिन काठावर ठेवलं होतं, सावलीत, हाताशी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते नुसतं गुरगुरायचं. शेवटी वडिलांनी ते खालच्या पायरीवर नेऊन बसवलं, तर धार गावाबाहेर. पंप ढकलायला वाघ असतो, ओढायला मांजर. ही गोष्ट मी मुंगीला पन्नासदा तरी सांगितली असेल. ती पहिल्यांदाच मध्ये उठून गेली नाही.

उठली, आणि मुठीएवढा पंप उंच स्टुलावर ठेवून पुन्हा चालू केला. डबा खाली, पंप वर. पंप किणकिणला, धारेत फेस आला आणि धार तुटायला लागली. मुंगी मोठ्याने हसली. चढावर टाकीतलं पेट्रोल मागे सरतं आणि वर बांधलेला पंप हवाच ओढत बसतो, एवढंच होतं सगळं! लाल नवरदेव परत खोक्यात गेला. छोटा पंप टाकीच्या पोटाखाली बसला, वर पत्र्याचं कवच, आणि टाकीतल्या नळीचं तोंड मागच्या खालच्या कोपऱ्यात.

रविवारी न्हावी दुकान बंद करून आला होता. स्पेअरपार्टवाला लाल पंप काखेत धरूनच उभा, लागला तर असू दे म्हणून. बगी चढाला लागली. गुरुवारच्या जागेवर आली तेव्हा मी श्वास धरला आणि घड्याळही छातीशी धरलं, जणू त्याचाच उपयोग होणार होता. खोकला नाही, फुरफुर नाही. चाकांनी खडे उडवले आणि बगी माथ्यावर जाऊन उभी राहिली. दादाने सगळ्यांआधी टाळी वाजवली, हे मुद्दाम सांगतो; पोरगं मनाचं वाईट नाही.

आम्ही धापा टाकत वर पोचलो. दादाने कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, "शेड तुझी, कबूल. पण त्या चाळीस खोक्यांचं मी आता काय करू?"

मुंगीने हेल्मेट काढलं, शेजारची खुर्ची हाताने झटकली आणि म्हणाली, "आजचा दिवस राहू दे तिथेच, फक्त माझ्या जॅकच्या जागेवरची दोन सरकव. आणि बस इथे, दादा, उतरताना शेजारी वजन लागतं."