जिन्यातली फळी

मिस्त्रींना एक गोष्ट काही केल्या कळेना. फळी सागवानी, बिजागऱ्या दणकट, उंची स्वतः मोजलेली. तरी तिच्यावर बसत कोणी का नाही?

पाच मजली इमारत, लिफ्टचं नाव नको, एकेका मजल्यावर आठ बिऱ्हाडं. मिस्त्री सगळ्यात वर. बायकोचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ती आठ महिने खाली उतरली नव्हती. "भिंती बघून बघून वेड लागेल मला," म्हणायची. शेवटी तिने लेकीलाच फोन केला: ये आणि घेऊन जा. लेकीचं घर शहराबाहेर, बैठं, अंगणाचं. ती रविवारी येणार होती. बायको गेली तर आपलं कसं व्हायचं? म्हणून त्यांनी दर मजल्यावर, जिना संपतो तिथे, एकेक घडीची फळी ठोकली. टेकत टेकत उतरेल बिचारी! तर ती पहिल्याच फळीवर टेकली आणि लगेच उठून घरी परत. "नाही बाई बसवत," एवढंच.

हाडाचा सुतार गप्प बसतोय होय! दुसऱ्या दिवशी स्वारी सकाळपासून जिन्यात. माणसं धापा टाकत यायची, फळीकडे बघायची आणि पुढच्या वळणावरच्या खिडकीशी जाऊन दम खायची. का बुवा? मग त्यांनी स्वतःच बूड टेकलं. समोरचं दार उघडं, आत एक गृहस्थ बनियनवर जेवत होते. घास हातात तसाच. "काही हवंय का, मिस्त्री?"

डोंबलाचा सुतार मी, मिस्त्री स्वतःवरच उखडले. लाकूड मोजलं, भिंत मोजली, आणि बसल्यावर समोर काय दिसतं ते बघायचं राहिलंच!

शनिवारी सगळ्या फळ्या वळणावरच्या खिडक्यांपाशी गेल्या.

रविवारी लेक धापा टाकत वर आली. "आई कुठंय?"

"खाली."

"खाली? काहीतरीच काय, बाबा!"

"तिच्या शेजारूनच आलीस की गं."

लेक थबकली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तीन बायका खिडकीबाहेर बघत, पाठमोऱ्या बसून खिदळत होत्या खऱ्या. जिना अडवतात म्हणून ती मनातल्या मनात चिडलीही होती. आता तिला हसूही आलं आणि रडूही. तशीच ती खाली धावली.

"आई, निघायचं ना आपण?"

"आधी बस बघू," आई सरकून जागा करत म्हणाली, "आणि हळू बोल. खिडकीखाली दोघांचं भांडण जुंपलंय, नीट ऐकू येत नाहीये."