सात नंबरचा शर्ट

त्या वर्षी आमचं काळ्यांचं कॉलेज अमेरिकन फुटबॉलचे पहिले नऊच्या नऊ सामने जिंकलं आणि अलाबामातल्या आमच्या एवढ्याशा गावाला माज चढला. न्हाव्याच्या दुकानात, फासळ्या भाजणाऱ्याच्या टपरीवर, जिथे जावं तिथे तेच. आम्ही हरत होतो तेव्हा तोंड न दाखवणारे माजी विद्यार्थी कॉलेजच्या रंगाचे जांभळे कोट घालून हजर झाले. मला त्यांची तेव्हाच शिसारी आली होती.

सांगायचंय ते ओडेसा पिकेटबद्दल. सव्वीस वर्षं संघाचे कपडे तीच धुते. मैदानामागच्या तळघरात धुण्याची दोन मशिनं, एक इस्त्री आणि रेडिओवर भजनं. शेजारच्या खोलीत मी हेल्मेटं सांभाळतो, त्यामुळे तिची जीभ रोज माझ्याच वाट्याला. घाम, रक्त, चिखल, शेंबूड, कशाचीच तिला किळस नाही. नुसत्या वासावरून सांगेल, कोण पिऊन आला होता आणि कोणाला ताप आहे. "चड्डी उलटी करून टाक रे गाढवा, मी तुझी आई नाही!" हे ऐकल्याशिवाय आमच्याकडे कोणी खेळाडू झालेला नाही.

नवव्या सामन्यानंतर तिने मला हाक मारली. हातात सात नंबरचा शर्ट होता, जॅबरी ट्रूइटचा. चेंडू काखेत मारून समोरच्यांना धडका देत पळायचं काम त्याचं, आणि निम्मे गुण त्याचेच. शर्टाला आतून ओकारी पुसलेली होती.

"सामन्याचा हा तिसरा शनिवार असा," ती म्हणाली. "डोक्याला मार बसलाय ह्याच्या. ओकतो आणि आतून पुसतो, कोणाला दिसू नये म्हणून."

त्याच्या हेल्मेटमधली घाण मीही दोनदा पुसली होती. माझं तोंड बघून तिला ते कळलं.

सोमवारी ती शर्ट घेऊन कोच हॅल्सीकडे गेली, मी मागोमाग. हा हॅल्सी इथेच खेळलेला, त्याच्याही चड्ड्या हिनेच धुतलेल्या.

"एकच सामना राहिलाय, मिस ओडेसा," त्याने नाकावर रुमाल धरला. "मग करू दे की हवा तेवढा आराम. तुम्ही तेवढं धुवून टाका."

"डॉक्टरला दाखव त्याला."

"डॉक्टर बसवून ठेवेल ना! गावाला काय सांगू?"

"गाव गेलं खड्ड्यात. तुझा मुलगा असता तर?"

"तुम्ही कपडे बघा, खेळ मी बघतो."

हे बोलताना तो हसत होता.

आमच्याकडे शेवटच्या सामन्याआधीच्या बुधवारी, प्रार्थनेला, सगळे शर्ट चर्चमध्ये नेतात. पुढच्या बाकांवर अंथरतात, पाद्री आशीर्वाद म्हणून तेलाचं बोट लावतो आणि सगळं गाव रांगेने येऊन एकेका शर्टावर हात ठेवतं. त्या बुधवारी एकोणसाठ शर्ट कडक इस्त्रीचे होते. साठावा ओडेसाने प्लास्टिकच्या पिशवीतून काढला आणि मधोमध अंथरला. चार दिवस कोंडलेला वास चर्चभर पसरला.

"अगं बाई, हे काय!"

"देवाच्या घरात?"

चर्चसाठी टोप्या घालून आलेल्या बायका मागे सरकल्या. पाद्र्याचं बोट हवेतच राहिलं.

"लावा ना हात," ओडेसा म्हणाली. "ह्याच्याच जिवावर नाचताय ना? सात नंबर आहे हा. पोरगं मैदानात ओकतंय आणि आपण आमेन म्हणतोय."

कोणी पुढे होईना. जांभळे कोट छताकडे बघत बसले. शेवटी जॅबरीची आजी, जिला सगळं चर्च मदर ट्रूइट म्हणतं, काठी टेकत आली. त्याला तिनेच वाढवलेलं. तिने शर्ट नाकाशी नेला, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

"उद्या तो डॉक्टरकडे जाईल, आणि शनिवारी माझ्या शेजारी बसेल," ती रांगेत उभ्या कोचला म्हणाली.

शनिवारी आम्ही जॅबरीविना जिंकलोही, दहापैकी दहा, आणि गाव दोन दिवस नाचलं. मी नाचलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती आजीच होती, त्या बुधवारी सगळ्यांदेखत ओडेसाकडे वळलेली.

"कधीपासून ओकतोय?" तिने विचारलं होतं.

"तीन आठवडे."

"मग आधी दोनदा हा शर्ट कोणी धुतला?"

"मी," ओडेसा म्हणाली. "गरम पाण्यात. वास राहू नये म्हणून."