आतेभावाची रक्ततपासणी

जगातला कुठलाही रोग मलकापूर स्टेशनावर उतरला, की आधी माझ्या आतेभावाचा पत्ता विचारतो, अशी त्याची स्वतःची ठाम समजूत होती. कापसाच्या बाजारात रुईचा तंतू नुसता बोटांनी ओढून तिची प्रत सांगणारा हा माणूस. पण मोकळा झाला की तीच बोटं स्वतःच्या नाडीवर ठेवून बसे. तिकडे डोणगावात कुणाला कुत्रं चावल्याचं कळलं, की इकडे हा पाण्याला बिचकू लागे. मी मलकापुरातच शाळेत मास्तर, आणि आमची खोली एक, त्यामुळे सकाळी चहाआधी त्याची जीभ पाहणं माझ्याकडे असे. एकदा गळ्यात गाठ आली म्हणून त्याने नातेवाइकांना बोलावून घेतलं होतं. तो कंठमणी निघाला.

अशा माणसाचं देऊळगाव राजाच्या एका विधवा शिवणकाम करणाऱ्या बाईशी सूत जुळलं, हेच नवल. बाई एकटी राहणारी, हसरी, याच्या दुखण्यांच्या कहाण्या मन लावून ऐकणारी. एका दुपारी जे व्हायचं ते झालं. कुटुंबनियोजनाचं साधन तेव्हा नुकतंच दुकानातून मिळू लागलं होतं. ते तर त्याने नेलंच, वर पाकिटातल्या एकात आधी पाणी भरून ते गळत नाही ना, हेही पाहून ठेवलं होतं. हे मला त्यानेच अभिमानाने सांगितलं.

अभिमान फार टिकला नाही. दिवस वैशाखाचे, आणि याने नवी टेरिलिनची पँट शिवलेली. जांघेत लाल पुरळ उठलं, लघवीला आग होऊ लागली. "मले तेच झालं बे," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने स्वतःचं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं केलं. गुप्तरोगांच्या जाहिराती रंगवलेली भिंत दिसली की रस्ता बदलायचा. देऊळगावला जाणं तर त्याने बंदच केलं.

मलकापुरात कुणी पाहील म्हणून शेवटी मी त्याला बुलढाण्याच्या एका वयस्क डॉक्टरांकडे नेलं. आत शिरताच त्याने माझ्याकडे बोट दाखवून पेशंट हा, असं सांगून टाकलं. डॉक्टरांनी मला पडद्याआड नेऊन पायजमा सोडायला लावला, तेव्हा कुठे मला बोलायला सवड मिळाली. मग त्यांनी खरा पेशंट तपासला आणि हे घामोळं आहे, पाणी कमी पितोस म्हणून आग होते, असं सांगितलं. साधन वापरलंस हे शहाणपणाचं केलंस, तरी मनात किंतु नको म्हणून रक्त-लघवी तपासू, रक्त काही आठवड्यांनी पुन्हा एकदा पाहू, असंही म्हणाले. आणि हात धुता धुता विचारलं, "त्या बाईंची तब्येत कशी आहे?"

परतीच्या एस.टी.त आतेभावाने नाडीसुद्धा पाहिली नाही.

दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला, आणि मग मला ओढत तडक देऊळगावला घेऊन गेला. बाई मशीनवर होती. याने दारातच घामोळ्यापासून सगळं सांगून टाकलं. तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"मले वाटलं, तुमाले माही किळस आली," ती म्हणाली. "म्हून तुमी आले नाही."

"नाही हो. मी माह्याच भेवात होतो." मग त्याने विचारलं, "तुमाले काही तरास?"

"हाव. वाट पाह्याचा."

पुढे त्यांचं लग्न झालं, संसार झाला. आता दोघंही नाहीत. मला मात्र त्या दिवशीचीच दुपार आठवते. मी पाय न वाजवता बाहेर येऊन ओट्यावर बसलो होतो, आणि आतलं मशीन कितीतरी वेळ सुरूच झालं नाही.