भिंतीवरच्या अकरा होड्या

अनसूयाबाईंच्या वर्गातली भिंत मी माझ्या हाताने पुसली. बाई गेल्याचं मला महिन्यापूर्वी पालघरच्या बाजारात कळलं, तेही बोंबील घेताना. टोपलीमागे बसलेल्या जमनाबायने मला ओळखलं, बोंबील पिशवीत टाकले आणि म्हणाली, "सायेब, तुमची बाई गेली. दोन दिस ताप आला नि गेली." 'तुमची' हे ती सहज म्हणाली की मुद्दाम, कोण जाणे... बाईंचं ज्याने वाकडं केलं तो मीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली असतील. जिल्हा परिषदा तेव्हा नव्या होत्या आणि मी त्यांच्याहून नवा. शाळा तपासनीसाची नोकरी, नवी सायकल, नवी बॅग आणि बॅगेत एक परिपत्रक. वरच्या कचेरीत कोणाला तरी सुचलं होतं, की पहिलीच्या मुलांकडून आधी सगळ्या अक्षरांचे सुटे आवाज घोकून घ्यावेत. ते पाठ होईपर्यंत, म्हणजे निदान सहा महिने, मुलांना एकही शब्द दाखवायचा नाही. वर्गाच्या भिंतीवरसुद्धा शब्द दिसता कामा नये. प्रत्येक सरकारी शाळेला सक्ती. ऐकणार नाही त्याची बदली. आज त्या कागदाची आठवण झाली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अक्षराला आवाज असतो, हे कोण नाकारतंय? बाईही ते शिकवीत, मूल विचारील तेव्हा. पण भुकेल्या पोराला सहा महिने नुसती ताटवाटी वाजवायला लावायची आणि त्याला जेवण म्हणायचं, असला तो प्रकार होता. आणि मी काय केलं? पालघरला मास्तरांच्या बैठकीत त्या कागदाची तासभर आरती ओवाळली.

बाईंची शाळा तारापूरच्या बाजूला, मच्छीमारांच्या वस्तीत. बोईसरपासून मी सायकलवरून निघालो. शेवटच्या वाळूत सायकल माझ्यावरून निघाली. एकच खोली, आणि समोरच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली गावातल्या अकरा होड्यांची नावं. रोज सकाळी मुलं आली की ज्याच्या घरची होडी बाहेर गेली असेल त्याने तिच्या नावापुढे कोळशाने 'दर्यात' लिहायचं. परतली की ते पुसून 'घरी'. पहिलीचा पहिला धडा हाच. बापाची होडी आली की नाही, हे वाचायला कुठल्याही मुलाला छडी लागत नव्हती. बाजाराला निघालेल्या बायाही दारातून डोकावून विचारीत, "काय लिवलंय रे आमच्याम्होरं?"

जमनाबायची हिरू तेव्हा सहा वर्षांची. अकराही नावं तिने घडाघडा वाचली. मी मधूनच कुठेही बोट ठेवलं तरी चुकली नाही. मग मी नियमाप्रमाणे सुट्या आवाजांचा तक्ता उघडला आणि स्वतः करून दाखवलं, "ग्... ग्... घ्... घ्..."

हिरूने काळजीने विचारलं, "बाई, सायबाला ठसका लागला काय? पानी आनू?"

वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी मात्र पेटलो. शेरेबुकात लिहिलं : 'वाचता येणारी मुले – शून्य.' बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "शून्य मात्र छान गोल काढलंत, साहेब."

त्या गोल शून्याचा राग मी भिंतीवर काढला. ओलं फडकं मागवलं. बाई म्हणाल्या, "सात होड्या बाहेर आहेत, साहेब. त्या येईपर्यंत थांबा. दर्यात गेलेल्या होडीचं नाव इथे कोणी पुसत नाही." मी म्हणालो, "असल्या समजुती शाळेत नकोत." त्या जागच्या हलेनात, तेव्हा फडकं मीच फिरवलं.

पाचवं नाव पुसतोय तोवर पोरं घरोघर पोचली होती. दार बायकांनी भरून गेलं. पुढे जमनाबाय, मासळी कापता कापता उठून आलेली, कोयता हातातच. "कोनी पुसलं? माजा घरवाला दर्यात हाय, नि हा मेला त्याच्या होडीचं नाव पुसतोय!" मी फडकं पाठीमागे लपवलं.

बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "जमनाबाय, साहेब नवीन आहेत. पुसलंय त्यांनी, लिहितीलही तेच." आणि गेरूची वाटी माझ्या हातात दिली. मला एक नाव आठवेल तर शपथ. हिरू सांगत गेली, मी लिहीत गेलो. एक होडी दुसरीच्या जागी लिहिली, तर पोरीने वाचून तिथल्या तिथे पकडलं. "ती नाय, सायेब. ती आमची. आमची वर हाय." जिला वाचता येत नाही असं मी नुकतंच सरकारला कळवलं होतं, ती ही मुलगी! सातवी होडी संध्याकाळी किनाऱ्याला लागली. तोवर बायांनी मला शाळेच्या पायरीवरून उठू दिलं नाही.

एवढं होऊन माणूस शहाणा व्हावा. मी पालघरला येऊन सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला : 'परिपत्रकाचा भंग.' वाटलं, आपण फक्त नियम लिहितोय. बाईंची बदली झाली, मासवणच्या बाजूला. समुद्राचा वासही येणार नाही इतक्या आत. किनाऱ्यावरच्या एडवणला जन्मलेल्या त्या बाईला दर्याची सवय... मी माफी मागायला गेलो, तर मलाच चहा दिला. म्हटलं, "इथे होड्या नाहीत." म्हणाल्या, "बैल आहेत ना. त्यांनाही नावं आहेत." वर्गाच्या भिंतीवर बैलांची नावं आधीच चढली होती.

इकडे तारापूरकडच्या शाळेत नवे मास्तर आले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, तेव्हा त्यांनी भिंतीला चुना मारला आणि घोकंपट्टी लावली. 'ग्, घ्' ऐकून कंटाळलेली निम्मी पोरं पांगली. हिरूही आईबरोबर सुकट वाळवायला बसली. पुढे ते परिपत्रक वरचेच लोक विसरून गेले. त्यांच्यातल्या कोणी माफी मागितली नाही, कोणाची बदली झाली नाही. ज्यांनी सह्या केल्या ते बढत्या घेऊन मोकळे झाले. त्यांत मीही आहे.

गेल्या रविवारी धीर करून जमनाबायच्या घरी गेलो. ओटीवरची भिंत पाहिली आणि पाय थबकले. गेरूतली नावं, ओळीने, बाईंच्या हातची. चुना मारल्यापासून त्या दर रविवारी मासवणहून यायच्या म्हणे, एस.टी. बदलून, उरलेलं चालून. मला कधी बोलल्या नाहीत. भिंतीपुढे तेरा वर्षांची हिरू कोळसा घेऊन उभी, आणि समोर पाच-सहा चिमुरडी होड्या वाचताहेत. कोनाड्यात ती गेरूची वाटी. एका नावावर धूळ बसली होती. मला भरून आलं, खिशातून रुमाल काढला आणि हात पुढे केला...

"सायेब, हात मागं घ्या," जमनाबाय आतून ओरडली. "होड्या दर्यात हायेत. तुमाला पुसण्याबिगर काय येतंय?"