ताडपत्रीचे सोळा कान

सासऱ्यांनी दिवसभर बसून चिकटवलेले सोळा कान मी त्यांच्यासमोर एकेक करून उपटले, आणि उपटताना मला मजा आली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना स्वतःला सावरून घ्यायचा मोह मला होणार, हे मला ठाऊक आहे.

ताडपत्री ही माझी नवी हौस होती. कॉलेजातले आम्ही चौघे मास्तर सुटीत रानात मुक्कामाला जातो. विकतचा तंबू जड होतो, म्हणून मी सिलिकॉनचा लेप असलेलं पातळ नायलॉन मागवलं आणि घरच्या मशीनवर ताडपत्री शिवली. दोऱ्या बांधायला तिच्या कडांना फासे लागतात. ते थेट शिवले तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. म्हणून त्याच कापडाच्या गोल ठिगळावर पट्टीचा फासा शिवायचा आणि ते ठिगळ ताडपत्रीला चिकटवायचं. या ठिगळांना मी कान म्हणायचो. चार कोपऱ्यांना चार, प्रत्येक बाजूला तीन, असे सोळा. या कापडाला डिंक एकच धरतो, सिलिकॉनचा, खिडकीच्या काचा बसवतात तो. दुसरं काहीही लावा, वाळलं की सालीसारखं सुटून येतं.

सासरे तेव्हा आमच्याकडे दिग्रसला राहत होते. ढाणकीत त्यांचं सायकलचं दुकान होतं. उभं आयुष्य पंक्चर काढण्यात गेलेलं. ट्यूबचं भोक पाहून काटा बाभळीचा की बोरीचा, की कुणी मुद्दाम खिळा ठेवला, ते सांगायचे. सासूबाई गेल्या, दुकान बंद पडलं आणि बायकोनं त्यांना जवळजवळ ओढत आणलं. लेकीच्या घरी पाणीसुद्धा न पिणाऱ्यांतले ते. पहिल्या दिवशी उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "येतो, पण फुकट नाई खाणार. रोज कायतरी काम करीन, मंगच जेवीन."

तसंच वागलेही. कुकरची मूठ, छत्रीची काडी, गळका नळ. सकाळी उठून घरभर मोडकंतोडकं शोधत हिंडायचे, काम झालं की हात धुऊन ताटावर बसायचे. घरात मोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बायको गुपचूप कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू ढिला करून ठेवायची. मला हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या रोजच्या ताठ्याचा राग यायचा.

एके सकाळी मी ठिगळं कापून, फासे शिवून, ताडपत्रीवर पेन्सिलीनं खुणा करून कॉलेजला गेलो. संध्याकाळी आलो तर हॉलभर पंक्चरच्या सोल्युशनचा वास. सासरे फरशीवर मांडी घालून बसलेले, हात काळे, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

"पाह्या जवाईबापू, सोळाच्या सोळा लावून देल्ले. आता बैल बांधला तरी निघत नाई."

मी वाकून पाहिलं. आधी घासायचं, मग सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची आणि दाबायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम. त्यांनी माझ्या कापडाचा लेप सोळा ठिकाणी कानशीनं घासून काढला होता.

"हे घासलं कशाला?"

"घासल्याबिगर काई चिटकते काय?"

हे कापड वेगळं आहे, एवढं सांगून भागलं असतं. नुकसानही फार नव्हतं. मोठी ठिगळं कापली की घासलेली जागा झाकली जाणार होती. पण मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू दाराशी आले होते, त्यांनाही म्हटलं, या, बघा. मग सासऱ्यांना म्हणालो, "मामाजी, मोजा." आणि पहिला कान दोन बोटांत धरून ओढला. तो फर्रकन निघाला.

त्यांनी खरोखरच मोजलं. चारपर्यंत मोठ्यानं, पुढे नुसते ओठ हलत होते. बायको म्हणाली, "अहो, पुरे करा." मी पुरे केलं नाही. सोळावा निघाल्यावर म्हणालो, "तुमच्या हातांत आता काही उरलं नाही. उद्यापासून या घरातल्या कोणत्याच वस्तूला हात लावायचा नाही."

रागाच्या भरात बोललो, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. त्यांचं काम काढून घेतलं म्हणजे ताटच काढून घेतलं, हे मला बोलताना पक्कं ठाऊक होतं.

"बरं," ते म्हणाले. विखुरलेली ठिगळं गोळा करून त्यांनी माझ्यासमोर एकावर एक रचून ठेवली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बायको ताट घेऊन रडत बसली, तर म्हणाले, "काम कुठं केलं म्या, बाई?" तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ढाणकीला निघून गेले.

मी नवी ठिगळं कापली, स्पिरिटनं कापड पुसलं, सिलिकॉन लावून वर विटा ठेवल्या. पैनगंगेकाठी आमचा मुक्काम झाला, पाऊस झोडपून गेला, एकही कान हलला नाही. सोबत्यांनी वाहवा केली. मी त्यांना पंक्चरवाल्या सासऱ्यांची गोष्ट रंगवून सांगितली, ओठ हलवत कसे मोजत होते ते करूनही दाखवलं. सगळे पोट धरून हसले. तिथून ढाणकी जवळच होती. मी गेलो नाही.

घरी बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि दोन्ही वेळा तिसरं ताट मांडायची, रिकामं. त्या ताटानं मला जेवण जाईना. दया आली म्हणून नव्हे, त्या ताटाचा वैताग आला म्हणून मी शेवटी निघालो. रिकाम्या हातानं गेलो तर ते येणार नाहीत, हे कळत होतं. म्हणून माझ्या सायकलची ट्यूब काढली, गोधडीच्या दाभणानं तिला भोक पाडलं आणि पिशवीत घालून ढाणकीला गेलो.

ते ओट्यावर बसले होते. वाळले होते. मी म्हणालो, "मामाजी, दिग्रसमध्ये कोणाला जमेना. तुम्हीच काढा. आणि चला घरी."

त्यांनी ट्यूब बोटांतून फिरवली, भोकाशी थांबले.

"हे रिमच्या बाजूनं हाय. इकून काटा येत नाई. दाभण हाय हे." ट्यूबची नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. "लेक इस्क्रू ढिले करून ठेवे, ते मले मालूम होतं. ते लेकीचं होतं, म्हणून खाल्लं. तुमचं नाई खाता येत मले."

मला लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा इतकी वाटली.

"बसा," ते म्हणाले. "जवाई हाय तुमी, उपाशी कसे जासान?"

त्यांनी पाट मांडला, भाकर आणि तुरीचं वरण वाढलं आणि समोर बसून राहिले. मी तिथे कुठलंच काम केलं नव्हतं. तरी सगळं जेवलो.