वैनी, चहा मांडा

ये, जवळ सरक. मोबाईल हातभर लांब धरून वाचशील तर मला बोलल्यासारखं नाही वाटणार. आणि आधी मामीची दोन बोलणी खा. काहून गं, न विचारता असले बेत करतेस? परवा फोनवर म्हणालीस, "मामी, आईचे सगळे पिक्चर मी शोधून राहिली. खाली बोलण्याची हिंदी अक्षरं येतात तशा पेनड्राइव्हमध्ये भरून आणते, तो सीड्यांचा डब्बा कबाडीवाल्याला देऊन टाका." मी "अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल मामी खूश झाली. मामी तो डब्बा मांडीवर घेऊन बसली होती, पोरी.

तू प्रेमानंच करतेस, ते कळतं मला. पण त्या डब्ब्यात काय आहे ते तुला कोणी सांगितलंच नाही. मीच नाही सांगितलं, तर कोण सांगणार?

तुझे बाबा तेव्हा कुंडमला, जंगल खात्यात. तुझी आई, म्हणजे माझी नणंद, शनिवारी दुपारी तुला कडेवर घेऊन बसनं जबलपूरला यायची. पण स्टँडवरून थेट घरी येईल तर ती कसली! आधी बडा फुहाऱ्याच्या गल्लीत सीडीवाल्याकडे चक्कर, मग मदन महलला आमच्याकडे. एकदा तुझ्या आजीसाठी नर्मदामैयाच्या आरत्यांची सीडी घेऊन आली. आजी आंघोळ करून, हात जोडून टीव्हीपुढे बसली. कव्हरावर मैया मगरीवर विराजमान, आणि लावून पाहतो तर आत कोरियाचा सिनेमा! बर्फ पडून राहिलं, एक बाई छत्री घेऊन एकटी चालून राहिली, आणि बोलणं असं की एक शब्द कळेल तर शपथ.

आजी म्हणाली, "ही कुठची परिक्रमावासी? काय म्हणून राहिली ती?"

मी सीडी काढायला उठली, तर तुझ्या आईनं माझा पदर ओढला. तोंड एकदम गंभीर केलं आणि त्या बाईच्या ओठांवर नजर ठेवून बोलायलाच लागली, "काय सांगू बाप्पा, सासूशी भांडण झालं अन् निघाली मी माहेरी. अमरावतीची एस्टी गेली काय?"

आजीचे जोडलेले हात सुटले. "अगं, इतक्या थंडीत सुटर तरी घालायचं बिचारीनं," म्हणाली, आणि सिनेमा संपेपर्यंत जागची हलली नाही.

तिथून वेड लागलं ते लागलंच. कोरियाचे झाले, मग जपानचे, चीनचे, एक-दोन इराणचे. सीडीवाला तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा आणि भर बाजारात ओरडायचा, "दीदी, आपका विदेशी माल आ गया!" ती लाजून लाल. गाण्यांच्या सीड्याही आणायची. एका जपानी चालीवर तिनं वांग्याच्या भरताचे शब्द बसवले होते, पोळ्या लाटताना इतकं भावानं म्हणायची की शेजारच्या चाची विचारायच्या, "दीदी, ये कौन सी माता का भजन है?"

सिनेमांची नावं आम्हा दोघींनाही वाचता येईनात. मग तिनं टिकल्यांची रीत काढली. कव्हरावर लाल टिकली म्हणजे रडायचा, हिरवी म्हणजे हसायचा, काळी म्हणजे भुताचा. आणि एखादा फारच आवडला, तर कपाळावरची स्वतःची टिकली काढून त्यावर लावायची. मोठी, मरून. मग रिकाम्या कपाळानं घरभर फिरायची आणि आजीची बोलणी खायची.

सगळ्यांचं बोलणं तीच बोलायची. राजा, चोर, दारुडा नवरा, भूत, कुत्रं सुद्धा. आणि कुठल्याही सिनेमात एखादी बाई पडद्यातून थेट आपल्याकडे बघायला लागली, की त्याच बाईच्या तोंडी घालायची, "वैनी, चहा मांडा." तलवारीनं लढणारी असो की मरायला टेकलेली असो, तिला चहा हवा! मी हसत हसत उठायची. तू तिच्या मांडीवर झोपलेली असायचीस. तिचं पोट हसून हलायचं, की तुझं डोकंही हलायचं.

मग तिला तो ताप आला. कुंडमहून इथे आणलं, सगळं केलं, पण ती नाही राहिली. तू अजून शाळेतही जात नव्हतीस.

तिच्या आवाजाचं काही म्हणता काही मागे उरलं नाही. तिच्या लग्नाची कॅसेट आहे, तू पाहिलीस ती. व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वर गाणी चढवलेली. ती हसते, काहीतरी सांगायला तोंड उघडते, आणि सनई वाजते.

उरला तो डब्बा. पुढे कधीतरी एका दुपारी मी त्यातला मरून टिकलीचा सिनेमा लावला, तो समुद्राकाठच्या खानावळवालीचा. आजी झोपली होती म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. खानावळवालीचे ओठ हलले, आणि तुझ्या आईचा आवाज आला. आठवला असं नाही म्हणत मी. आला. तोच, थोडा बसका, वाक्याच्या शेवटाला वर चढणारा. "काहून आला बे तू? जेवण संपलं." माझ्या हातातली भाजी हातातच राहिली. मग ती बाई वळली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "वैनी, चहा मांडा." मी उठली आणि चहा मांडला, दोघींचा.

तेव्हापासून अशी एखादी दुपार मी काढून ठेवते. तुझे मामा विचारायचे, "दुसरा कप कोणाचा?" मी म्हणायची, "तुमचा." ते म्हणायचे, "मला तर मिळाला नाही आजवर." चलो, त्यांचंही बरोबरच होतं.

आणि मागच्या दिवाळीत तू आलीस. डब्ब्यातल्या कव्हरांचे फोटो मोबाईलवर काढलेस, आणि त्यातला खानावळवालीचाच सिनेमा तू टीव्हीवर शोधून काढलास, खाली हिंदी अक्षरं. किती हौसेनं मला चिकटून बसलीस! नको कसं म्हणणार? तुझ्या आईच्या हिशेबानं ती वर्ध्याची मावशी होती, उधारीवाल्यांना दमात घेणारी. अक्षरांत ती वेगळीच निघाली. समुद्रावर गेलेल्या कोणाची तरी वाट पाहून थकलेली, खानावळ बंद करून निघालेली. शेवटी ती वळली, समोर बघितलं. मी उठायला गुडघ्यावर हात टेकलासुद्धा. आणि खाली अक्षरं आली, "इस घर में अब कोई नहीं रहता."

तू म्हणालीस, "मामी, रो रही हो क्या? मूवी अच्छी है ना?"

मी म्हटलं, हो, छान आहे.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर, गाडीत चढता चढता तू विचारलंस, "मामी, आईचा आवाज कसा होता? मुझे कुछ भी याद नहीं." तेवढ्यात गाडी हलली. मी नुसता हात हलवत राहिली. घरी आली, चप्पल काढली आणि तीच जुनी सीडी लावली. म्हटलं नीट ऐकते, फोनवर सांगते पोरीला. आवाज बंद केला. ओठ हलले. काही नाही. पुन्हा लावली, टूथपेस्ट चोळून, मलमलीनं पुसून लावली. काही नाही गं. ती बाई वळून माझ्याकडे बघते, आणि मला फक्त ती अक्षरं दिसतात. आता त्या घरात खरंच कोणी राहत नाही.

मला वेडी समजू नको. हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे, ते मला कळतं. पण डोक्यातून गेली तरी गेलीच ना?

बाकीच्या सिनेमांत ती अजून आहे. म्हणून हात जोडते, त्यांच्याखाली अक्षरं नको लावू. पेनड्राइव्ह आण, मी नाही म्हणत नाही. सीड्या चालता चालता अडकून राहिल्या आहेत, टिकल्यांचा गोंद सुकला, डब्बा उघडला की तळाशी गळालेल्या सापडतात. मीही काही नवी नाही. पण अक्षरं बंद करून आण, आणि पाठवू नको, घेऊन ये.

एक हिरव्या टिकलीचा आहे, दोन जावांचा. तो लावू. मी टीव्हीचा आवाज बंद करीन, आणि जसं मला ऐकू येतं तसं तिचं सगळं बोलून दाखवीन. तिच्यासारखं नाही जमायचं. दारुड्याचा आवाज काढला की मला खोकला येतो. पण वाक्याच्या शेवटाला ती कशी वर चढायची, ते लिहून नाही सांगता येत, ते कानानंच घ्यावं लागतं. मराठी बोलायला अडखळतेस म्हणून लाजू नको. समजतं ना? तेवढं पुरे.

आणि मधेच धाकटी जाऊ आपल्याकडे बघेल, तेव्हा मी गप्प बसीन. तिथलं ते एक वाक्य तू म्हण. कसंही म्हण, मी उठीन.

शनिवारची ये. लवकर ये गं.